गेटवे, म्युझियम आणि बॅलार्ड इस्टेट: जॉर्ज विटेट यांचे काम समजून घेताना

मुंबईत रीगल सिनेमासमोरच्या चौकात उभे राहिले, की एका बाजूला झाडांच्या वर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पांढरट घुमट आणि त्याच्याभोवतीच्या छोट्या घुमट्यांचा घोळका दिसतो. महात्मा गांधी मार्गाच्या पलीकडे सर कावसजी जहांगीर हॉलची, म्हणजे आताच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची, गोलाई घेत वळलेली दर्शनी भिंत आहे आणि तिच्या शेजारी विज्ञान संस्थेची भारदस्त इमारत आहे. वस्तुसंग्रहालय पाहताना विजापूर आठवते, तर रस्त्यापलीकडच्या इमारती पाहताना युरोपातल्या एखाद्या जुन्या राजधानीतल्या रस्त्यावर आल्यासारखे वाटते. दोन्हींचे नकाशे जॉर्ज विटेट या एकाच वास्तुविशारदाने साधारण एकाच काळात केले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ठाऊक झाल्यावर साहजिकच प्रश्न पडतो की या माणसाची स्वतःची अशी शैली नेमकी कोणती होती.

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुविशारद नावाचा माणूस काय काम करत असे, त्याला पगार कोण देत असे आणि इमारतीचे रूप कोण ठरवत असे, हे आधी पाहावे लागते. आज आपण एखाद्या नामवंत वास्तुविशारदाची इमारत दुरून ओळखतो, कारण त्याची ठेवण त्याच्या प्रत्येक कामात उतरलेली असते. विटेट यांच्या पिढीची समजूत वेगळी होती. ग्रीक-रोमन, टोकदार कमानींची युरोपीय गॉथिक, मोगल, गुजराती अशा जुन्या शैलींचा पक्का अभ्यास करायचा आणि इमारतीचे प्रयोजन, जागा व मालक पाहून त्यांतली योग्य ती शैली निवडायची, ही त्या काळी कसबाची गोष्ट मानली जाई. एकाच शैलीला चिकटून राहणारा वास्तुविशारद त्यांच्या लेखी अपुरा शिकलेला ठरला असता.

विटेट यांचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडमधील ब्लेअर अ‍ॅथोल या डोंगराळ भागातल्या गावी झाला. त्या काळी ब्रिटनमधले बहुतेक वास्तुविशारद एखाद्या अनुभवी माणसाच्या कचेरीत उमेदवारी करूनच तयार होत; विटेटही जवळच्या पर्थ शहरात हायटन या वास्तुविशारदाच्या हाताखाली शिकले आणि पुढे एडिंबरा व यॉर्क येथे त्यांनी काम केले. १९०४ साली ते मुंबईला आले. जॉन बेग हे मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद होते आणि विटेट त्यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले.

सल्लागार वास्तुविशारद हे पद तेव्हा नवेच होते. त्याआधीची अनेक दशके सरकारी कचेऱ्या, कोर्ट-कचेऱ्या, दवाखाने आणि बंगले सार्वजनिक बांधकाम खात्यातले अभियंते बांधत असत, आणि त्यांतले बरेचसे लष्करातून आलेले होते. इमारती टिकाऊ होत, पण त्या रूक्ष असतात अशी तक्रार सतत होत असे. म्हणून विसाव्या शतकाच्या तोंडावर सरकारने प्रशिक्षित वास्तुविशारद पगारावर नेमायला सुरुवात केली. नकाशा वास्तुविशारदाने करायचा आणि बांधकाम खात्याने तो उभा करायचा, अशी ही वाटणी होती. बेग १९०८च्या सुमारास भारत सरकारच्या सेवेत गेल्यावर मुंबईचे पद विटेट यांच्याकडे आले. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाच्या हाती एका अवाढव्य इलाख्याची सरकारी बांधकामे आली, आणि पुढचे सगळे त्यातूनच घडले.

अवाढव्य हा शब्द इथे जाणूनबुजून वापरला आहे. तेव्हाचा मुंबई इलाखा म्हणजे आजचा पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण एवढाच नव्हता. उत्तरेला अहमदाबाद आणि सिंध, दक्षिणेला धारवाड आणि विजापूर हे सारे त्याच सरकारच्या अखत्यारीत होते. विटेट यांच्या इमारतींत विजापूर आणि गुजरात का डोकावतात, याचे कारण मला तरी या नकाशात दिसते. आज आपल्याला ती दोन वेगळ्या राज्यांतली दूरची वास्तुकला वाटते, पण १९१० साली मुंबईत बसलेल्या सरकारी वास्तुविशारदाच्या दृष्टीने आदिलशाही घुमट आणि अहमदाबादची जाळी हा आपल्याच इलाख्याचा वारसा होता.

ज्या शैलीत हे घटक वापरले गेले, तिला इंडो-सारसेनिक म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचे, तर इमारतीचा आराखडा पाश्चात्त्य पद्धतीचा, म्हणजे समतोल, आखीव, दालनांची सोयीस्कर मांडणी असलेला. आणि अंगावरचा साज भारतातल्या सुलतानशाह्यांच्या, मोगलांच्या, राजपुतांच्या इमारतींतून घेतलेला. १८५७नंतर इंग्रज राज्यकर्त्यांना आपण परके व्यापारी नसून मोगलांचे रीतसर वारस आहोत असे दाखवायचे होते, आणि घुमट-मिनारांच्या सरकारी इमारती हे त्याचे दगडातले रूप होते. मुंबई मात्र या वाटेला उशिरा लागली. १८७० ते १८९०च्या दरम्यान इथे गॉथिकचा जोर होता. विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि व्हिक्टोरिया टर्मिनस ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी १८९३ साली पूर्ण झालेल्या महापालिकेच्या इमारतीत गॉथिकवर भारतीय धाटणीचे घुमट बसवले, बेग यांनी जनरल पोस्ट ऑफिसच्या इमारतीत थेट विजापूरचा घुमट आणला, आणि विटेट यांनी तो धागा पुढे नेला.

प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसली. ती बसवणारे युवराज पुढे पंचम जॉर्ज म्हणून गादीवर आले. कोनशिला आधी आणि आराखडा नंतर, हा उलटा क्रम आपल्याला आजही अपरिचित नाही. आराखड्यासाठी १९०९ साली खुली स्पर्धा झाली आणि तीत विटेट यांचा आराखडा निवडला गेला.

या इमारतीचा गाभा तिच्या घुमटात आहे, आणि घुमट समजायचा तर त्यातली अडचण आधी समजली पाहिजे. खोली चौकोनी असते आणि घुमट गोल असतो. चौरसावर वर्तुळ ठेवले, की चार कोपरे उघडे राहतात आणि त्या कोपऱ्यांवर घुमटाचा भार पेलायला काहीच नसते. त्याशिवाय घुमटाचे वजन नुसते खाली येत नाही, ते पायथ्याशी बाहेरच्या दिशेने रेटते. हा रेटा आवरला नाही तर भिंती बाहेर कलतात आणि घुमट फाटतो. विजापूरच्या गोल घुमटात, जो १६५६ साली पूर्ण झाला, यावर एक विलक्षण तोड काढली आहे. आत सुमारे ४१ मीटर बाजूचा चौरस आहे आणि वर बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट आहे. भिंतींच्या वरच्या भागातून आठ कमानी अशा काढल्या आहेत की त्या एकमेकींना छेदतात. जमिनीवर एक चौरस काढून त्यावर दुसरा चौरस तिरका फिरवून ठेवला, तर आठ टोकांची चांदणी तयार होते. कमानी त्या चांदणीच्या रेषांवर उभ्या आहेत. त्या एकमेकींत गुंफत वर जातात, तेव्हा मधली मोकळी जागा आक्रसत जाते आणि जवळजवळ गोल होते. घुमट त्या गोलावर बसतो. शिवाय कमानींमधले दगडी बांधकाम आतल्या बाजूला झुकलेले असल्याने त्याचे वजन आत ओढते आणि घुमटाचा बाहेरचा रेटा बऱ्याच अंशी त्यातच जिरतो.

विटेट यांनी म्युझियमच्या मधल्या दालनावर ही छेदणाऱ्या कमानींची रचना वापरली आणि घुमटाच्या बाह्याकृतीसाठी गोवळकोंड्याकडे पाहिले. तिकीट काढून आत गेल्यावर बहुतेक लोक लगेच मूर्तींच्या दालनाकडे वळतात. त्यांनी मधल्या दालनात थांबून मान वर केली, तर त्या कमानी एकमेकींना ओलांडत घुमटाच्या कडेपर्यंत चढताना स्पष्ट दिसतात. बाहेर घुमटाच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्यांचे कडे आहे, जे आदिलशाही इमारतींत जागोजाग आढळते. आतल्या दालनात लाकडी कमानींचा एक मंडप आहे; तो नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून विकत घेऊन इथे बसवला आहे. आदिलशाही घुमटाखाली मराठी वाड्याची लाकूडकारागिरी हा मेळ कागदावर विचित्र वाटतो, प्रत्यक्षात तो खटकत नाही, आणि मला वाटते विटेट यांच्या नजरेची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते.

दगडाची निवडही पाहण्यासारखी आहे. मुंबईच्या आसपास दोन तऱ्हेचे दगड सहज मिळत: कुर्ल्याचा काळसर करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. काळा दगड कठीण आणि टिकाऊ, पण त्यावर नाजूक काम करायला वेळ लागतो. पिवळा दगड डोळ्याला उबदार वाटतो आणि उन्हात भिंतीला मऊपणा देतो. म्युझियमला हे दोन्ही दगड वापरले आहेत. पावसाळ्यात भिंतींवरून पाण्याचे लोट वाहत असताना खोल छज्जे खालच्या खिडक्यांना आडोसा देतात, आणि एप्रिल-मेमध्ये तेच छज्जे दुपारचे ऊन बाहेर अडवतात. म्हणजे जी गोष्ट शैलीचा दागिना म्हणून आली, ती हवामानाचे कामही करते. इंडो-सारसेनिक शैलीवर ती नुसता मुखवटा असल्याची टीका होते आणि अनेक इमारतींबाबत ती रास्तही आहे, पण म्युझियमला ती पुरतेपणी लागू होत नाही.

इमारत १९१४ साली पूर्ण झाली, तोच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. लोकांसाठी ती १० जानेवारी १९२२ रोजी खुली झाली. कोनशिला आणि उद्घाटन यांत सोळा वर्षांहून अधिक काळ गेला.

त्याच पंचम जॉर्जशी विटेट यांचे दुसरे प्रसिद्ध काम जोडलेले आहे. राजा आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले. गेटवे ऑफ इंडिया त्यांच्या स्वागतासाठी बांधला असे पुष्कळदा सांगितले जाते, पण तेव्हा तिथे कायमची कमान नव्हती. पायाभरणी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांच्या हस्ते ३१ मार्च १९१३ रोजी झाली आणि आराखड्याला अंतिम मंजुरी १९१४ साली मिळाली. आधी समुद्रात भर घालून किनाऱ्याची रेषा बदलावी लागली. ते काम १९१९पर्यंत चालले. पाया १९२० साली पुरा झाला, इमारत १९२४ साली उभी राहिली आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी ४ डिसेंबर १९२४ रोजी तिचे उद्घाटन केले. दरम्यान नोव्हेंबर १९२१मध्ये राजाचे चिरंजीव मुंबईला आले, तेव्हा त्यांच्या स्वागतावर बहिष्कार पडला, विदेशी कपड्यांची होळी झाली आणि शहरात दंगे पेटले. ज्या राजनिष्ठेचे स्मारक बांधायला घेतले होते, ती इमारत पुरी होईपर्यंतच आटली होती.

रचनेच्या दृष्टीने गेटवे म्हणजे रोमन विजयकमानीची कल्पना आणि सोळाव्या शतकातील गुजरातच्या सुलतानी वास्तुकलेचे अवयव यांची सांगड आहे. रोमन कमान स्वतंत्र उभी असते, तिच्यातून मिरवणूक जाते. इथे मिरवणूक समुद्रातून वर येऊन शहरात शिरेल अशी कल्पना होती. मधल्या दालनावर ४८ फूट व्यासाचा घुमट आहे आणि सर्वांत उंच भाग जमिनीपासून ८३ फूट आहे. दोन्ही बाजूंच्या दालनांत प्रत्येकी सहाशे माणसे मावतील अशी सोय केली होती. बांधकाम पिवळसर बेसॉल्टचे असून त्याला प्रबलित काँक्रीटची जोड आहे, आणि नक्षीच्या जाळ्या ग्वाल्हेरहून आणल्या होत्या. खर्च सुमारे २१ लाख रुपये झाला आणि त्यातला मोठा वाटा भारत सरकारने उचलला. गंमत अशी, की एवढा मोठा घुमट असूनही खाली उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेत तो भरत नाही. भरतात ते चार कोपऱ्यांवरचे मिनार आणि मधली उंच कमान. म्युझियममध्ये घुमट हा नायक आहे, गेटवेत तो कमानीच्या मागे दडला आहे.

गेटवेकडे जाणारा रस्ता कमानीच्या थेट समोर येत नाही, तिरका येतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. मूळ योजनेत कमानीसमोर सरळ भव्य रस्ता होता. पैशाअभावी तो कधी झालाच नाही. त्यामुळे ज्या कमानीतून राजेशाही मिरवणूक शहरात शिरायची होती, तिच्यासमोर आज एक चौक, पुढे उद्यानात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आणि बाजूला ताजमहाल हॉटेल असा देखावा आहे. माझ्या मते त्या अपुऱ्या राहिलेल्या रस्त्याने लोकांचे भलेच केले. रुंद राजमार्ग झाला असता, तर तिथे संध्याकाळी गर्दी करून बसायची, फोटो काढायची, एलिफंटाच्या बोटीची वाट पाहायची जागा उरली नसती.

आता बॅलार्ड इस्टेटकडे वळू, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळते. मुंबई पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताची इंदिरा गोदी, खणायला घेतली तेव्हा निघालेली माती आणि दगड वापरून शेजारीच समुद्रात भर घातली. १९०८ ते १९१४ या काळात तयार झालेल्या या सुमारे २२ एकर जागेला पोर्ट ट्रस्टच्या स्थापनेशी संबंधित असलेल्या कर्नल बॅलार्ड यांचे नाव मिळाले. इथे जहाज कंपन्या, बँका, विमा कंपन्या आणि व्यापारी पेढ्या येणार होत्या. विटेट यांनी या भागासाठी एक शिस्त घालून दिली: इमारतींची उंची सारखी, दर्शनी भागांची धाटणी एकमेकींशी जुळणारी, रस्ते सरळ आणि रुंद. शैली युरोपीय, सातव्या एडवर्डच्या काळातल्या लंडनच्या व्यापारी पेठेची आठवण करून देणारी. घुमट नाही, मिनार नाही, जाळी नाही.

का नाही, याचे उत्तर मालकांमध्ये आहे. सरकारला हिंदुस्थानाशी आपले नाते दाखवायचे होते, म्हणून त्याच्या संग्रहालयाला आणि स्मारकाला इथला साज हवा होता. बंदरावरच्या पेढ्यांना लंडनशी आपले नाते दाखवायचे होते. लिव्हरपूलहून आलेल्या व्यापाऱ्याला बोटीतून उतरल्याबरोबर ओळखीच्या पेठेत आल्यासारखे वाटले पाहिजे, हे त्यांचे हिशेब होते. विज्ञान संस्थेचेही तसेच आहे. सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभॉय इब्राहिम आणि सर वसनजी मुळजी यांच्या देणग्यांतून ती उभी राहिली, आणि तिथे शिकवायचे होते ते आधुनिक पाश्चात्त्य विज्ञान, म्हणून अंगावरचे कपडेही पाश्चात्त्य. तरीही या इमारतीला तिच्या कोपऱ्यावरच्या जागेप्रमाणे वळवताना विटेट यांनी जी गोलाई साधली आहे, ती पाहिली की शैलीच्या नावाखाली झाकलेले त्यांचे खरे कौशल्य दिसते: जागेचा आकार ओळखणे आणि इमारतीला त्या जागेत नीट बसवणे. बॅलार्ड इस्टेट हे माझ्या मते त्यांचे सर्वांत कमी नावाजलेले पण सर्वांत मुरलेले काम आहे. एक सुंदर इमारत बांधणे आणि अनेक मालकांच्या इमारती एका सुरात आणणे यांत दुसरे अधिक कठीण असते, आणि मुंबईत ते त्यानंतर क्वचितच जमले.

पहिल्या महायुद्धानंतर विटेट यांनी सरकारी नोकरी सोडली आणि ते टाटांकडे गेले. १९२४ साली पूर्ण झालेले बॉम्बे हाऊस, म्हणजे टाटा समूहाचे मुख्यालय, त्यांच्याच नकाशावर बांधले आहे. होमी मोदी स्ट्रीटवरची ही इमारत इतकी संयत आहे, की तिथल्या भटक्या कुत्र्यांना मिळणारा पाहुणचारच तिच्या दर्शनी भागापेक्षा अधिक प्रसिद्ध झाला. धोबी तलाव येथील लघुवाद न्यायालय आणि परळचे नौरोजी वाडिया प्रसूतिगृह हीदेखील त्यांचीच कामे.

परळच्या केईएम रुग्णालयाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या संपत्तीतून तिथले वैद्यकीय महाविद्यालय १९२५ साली निघाले, आणि देणगीची अट अशी होती की अध्यापक भारतीय असावेत व ते सरकारी नोकरीत नसावेत. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. साम्राज्याच्या स्वागताची कमान रचणाऱ्या वास्तुविशारदाने त्याच सुमारास अशा संस्थेची इमारतही रचली, जिच्या दात्यांचा इंग्रज वैद्यकीय सेवेच्या मक्तेदारीला उघड विरोध होता. त्यांची वैयक्तिक मते काहीही असोत, त्यांच्या कामाच्या यादीत हे दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

विटेट यांचे १९२६ साली मुंबईतच तीव्र आमांशाने निधन झाले, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या आतच होते. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांचे दफन झाले. या शहराला आरोग्याची मोठी इमारत देणारा माणूस इथल्याच पाण्याच्या आणि स्वच्छतेच्या जुन्या दुखण्याला बळी पडला, याची नोंद घेतल्याशिवाय राहवत नाही.

त्यांच्या नावावरची आणखी एक गोष्ट दगडात दिसत नाही. १९१७ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वास्तुकला शिकलेल्या विद्यार्थ्यांनी आपली संघटना काढली आणि १२ मे १९१७ रोजी विटेट तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांची स्वतःची घडण एका स्कॉटिश कचेरीतल्या उमेदवारीत झाली होती. इथली मुले मात्र शाळेत वास्तुकला शिकून बाहेर पडत होती आणि व्यवसायात आपला वाटा मागत होती. तीच संघटना नावे बदलत १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. त्यानंतरच्या दशकात या पिढीतल्या भारतीय वास्तुविशारदांनी मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला काँक्रीटच्या, सरळ रेषांच्या आर्ट डेको इमारती उठवल्या. त्यांना विजापूरचा घुमट नको होता आणि लंडनची पेठही नको होती. रीगल सिनेमाची १९३३ सालची इमारतही याच नव्या धाटणीची आहे. ती स्टीव्हन्स यांच्या मुलाने, चार्ल्स स्टीव्हन्स यांनी, बांधली.